खाजनाचा रंग

फेलिसियान बाब दरवर्षी दसऱ्यानंतर
असोळण्याहून बस धरून यायचा.
काखेत गोणपाटात गुंडाळलेली दोननळी,
हातात सुक्या बांगड्यांची पुडी,
त्याच्या बायकोने माझ्या बायकोला धाडलेली.
मी कुंकळ्ळीचा चितारी.
पाट, पाळणे, पालखीचे दांडे लाखेत रंगवणारा.
लोखंड लाख धरत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं.
तो म्हणाला, मग धरेल ते लाव.
मला बंदुकीवर खाजन पाहिजे.

कुठलं खाजन? भरतीचं की ओहोटीचं?
मी थट्टेत विचारलं, पण तो विचारात पडला.
पहाटे साडेपाचचं, म्हणाला.
मानशीचं दार उघडलेलं, पाणी अर्धं उतरलेलं,
तिवरांची मुळं दिसताहेत,
आणि अडयांचा थवा अजून झोपेत.

ते मी बघितलं नव्हतं. एकदा गेलो त्याच्याबरोबर,
होडीत गुडघे पोटाशी घेऊन बसलो.
येताना साळ नदीचा चिखल आणला डब्यातून,
वाळवला, वस्त्रगाळ केला, जवसाच्या तेलात खलला.
खिडक्यांना लावतात त्या हिरव्यात राख घातली.
काळ्याला दिव्याची काजळी.
आमच्या धंद्यात चमकेची मजुरी मिळते;
त्या आठवड्यात मी चमक मारत बसलो होतो.

निघताना बजावलं त्याला:
खारा वारा रंग खात नाही, वाळलेलं मीठ खातं.
ओली आहे तोवर गोड्या पाण्याच्या फडक्याने टीप,
घासू नको.
खोबरेल तर नकोच, ते चिकटतं आणि रेती धरून ठेवतं.
वरून मेण दे, बोटाने, पातळ.
होडीच्या काठावर टेकवत जाऊ नको.
गोणपाटाला आतून धोतराचं अस्तर लाव.
आणि डाव्या हातातली ती अंगठी
काढून ठेवत जा खिशात.

सगळं ऐकलं त्याने. शेवटचं सोडून.
दर दसऱ्याला गोणपाट उलगडलं की
नळीच्या डाव्या अंगाला तोच ओरखडा,
नखाने काढल्यासारखा, बारीक, पांढरा.
पाखरांना हा दिसतो, बाब, मी म्हणायचो.
दिसू दे, म्हणायचा. सगळीच कशाला मरायला पाहिजेत?
मी तेवढ्यापुरता चिखल भरायचो.
नऊ वर्षं भरला.

युद्धाच्या साली तो उशिरा आला.
दस्त्यावर रंग गेलेला, खांद्याशी गेलेला,
नळीच्या टोकाला मीठ बसून फोड आलेले.
डावं अंग मात्र साफ.
मी उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं.
ओरखडा नव्हता. नुसती घामाची, गोल,
मऊ झालेली जागा.
बांगडे होते,
पण पुडीची गाठ वेगळ्याच हाताची.

बायको आतून विचारायला येत होती, तिला डोळ्यांनी थांबवलं.
चहा झाला. तो पाऊस लांबल्याचं बोलला.
मजुरी मी पुरी घेतली.
कमी घेतली असती तर
मला कळलंय, हे त्याला कळलं असतं.

मग कायदा आला. शिकार बंद झाली.
बंदूक त्याने परवान्यासकट कपाटात उभी केली.
काही वर्षांनी असोळण्याला एका पाळण्याच्या कामाला गेलो होतो,
त्याने आग्रहाने दाखवली.
बघ, चितारी, जरासुद्धा उडाला नाही तुझा रंग.
खरं होतं. मेणाचा वास येत होता.
माझ्या हातचं इतकं नीट राहिलेलं काम
मला तरी दुसरं आठवत नाही,
आणि मला ते बघवेना.

घरी खाजनाचा अर्धा डबा उरला होता.
तो मी लग्नाच्या पाटांना खालून लावून संपवला.
वर लाल, पिवळं, कमळं, वेलबुट्टी,
नवरानवरी बसतात, लोक अक्षता टाकतात.
खाली, जमिनीला लागून,
पहाटेचे साडेपाच.